पोळी-भाजी केंद्र सुरू करण्याआधी आसपासच्या केंद्रांकडून नेमके काय शिकावे?

स्वयंपाकघर_८१

नमस्कार मंडळी,

मी मुलुंड पूर्वेला राहते. दिवाळीचा फराळ, गणपतीतले उकडीचे मोदक आणि होळीच्या पुरणपोळ्या यांच्या ऑर्डरी माझी जाऊ आणि मी गेली काही वर्षे घरूनच घेत आहोत. अन्नसुरक्षेची नोंदणीही आमच्याकडे आहे. मुले आता मोठी झाली आहेत, त्यामुळे नवघर रस्ता किंवा मिठागर रस्ता यांच्या आसपास एखादा छोटा गाळा भाड्याने घेऊन येत्या दिवाळीनंतर रोजचे पोळी-भाजी केंद्र सुरू करावे, असे आम्हा दोघींच्या मनात आहे. हाताला चव आहे, कष्टांची तयारी आहे आणि सुरुवातीच्या काही महिन्यांचे भाडे निघेल एवढी पुंजीही बाजूला काढून ठेवलेली आहे.

अडचण अशी की चालत जाण्याच्या अंतरावर अशी केंद्रे आधीपासूनच आहेत आणि त्यांतली निदान दोन तरी चांगली चालतात. ज्याला विचारावे तो ‘आधी बाजाराचा अभ्यास करा’ असे सांगतो, पण अभ्यास म्हणजे नेमके काय पाहायचे, हे कोणी सांगत नाही. मी आपल्या परीने एक वही केली आणि पोळी केवढ्याला, पाव किलो भाजी केवढ्याला, वरण-भातासह पूर्ण डबा केवढ्याला, हे सारे दरफलकावरून उतरवून काढले. सगळीकडचे दर एक-दोन रुपयांच्या फरकाने सारखेच निघाले आणि त्यावरून पुढे काय ठरवावे, हे मला उमगलेले नाही.

आमचे एक नातेवाईक म्हणतात की, त्यांच्यापैकी एखाद्या केंद्रात महिनाभर कामाला लाग, म्हणजे सगळे आपोआप कळेल. मला ते पटत नाही. ज्याच्या घरचे मीठ खायचे त्याच्याच शेजारी नंतर दुकान थाटायचे, हे बरे दिसत नाही. दुसरीकडे, थेट जाऊन विचारावे तर कोणी का सांगेल? ज्यांनी असा व्यवसाय केला आहे किंवा जवळून पाहिला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


गाळा_नंबर_सात

ताई, वही जपून ठेवा, पण दरांचे पान मिटवून टाका, कारण एखाद्या केंद्राविषयी सर्वांत कमी माहिती देणारी गोष्ट म्हणजे त्याचा दरफलक. प्रत्येक जण शेजाऱ्याचा फलक वाचूनच आपला लिहितो, त्यामुळे दर सारखे निघणार हे ठरलेलेच आहे. दादर पश्चिमेला माझे केंद्र पुष्कळ वर्षे होते, आता ते भाचा पाहतो; त्या अनुभवावरून लिहितो.

बहुतेक लोक प्रतिस्पर्ध्याच्या दारातली गर्दी पाहतात आणि तिथे काय खपते ते टिपून घेतात. पण जे तिथे खपते ते तो आधीच उत्तम करतो आहे, आणि त्याच्या शेजारी तेच करून तुम्हाला त्याचे गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता फारशी नाही. मला विचाराल तर, आत शिरून पिशवी भरून बाहेर येणाऱ्यापेक्षा काउंटरवर दोन शब्द बोलून रिकाम्या हाताने परत फिरणारे गिऱ्हाईक अधिक शिकवते. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत, कार्यालयांतून परतणारी माणसे लोकलमधून उतरून घराकडे निघालेली असतात तेव्हा, अशा केंद्राच्या समोरच्या फुटपाथवर थोडा वेळ उभे राहा आणि परत जाणारा माणूस काय मागत होता, तेवढेच ऐका. कोणाला बिनतेलाच्या पोळ्या हव्या असतात, कोणाला बिनकांद्याची भाजी हवी असते, कोणाला फक्त आमटी हवी असते आणि ती डब्याशिवाय सुटी मिळत नाही. काही संध्याकाळी असे ऐकल्यावर तेच तेच शब्द पुन्हा कानांवर पडू लागतात, आणि ती मागणी आज कोणीच पुरवत नाही.

‘संपल्या’ हा शब्दही नीट तपासून घ्यावा. रोज सव्वाआठ वाजता एखाद्या केंद्रातल्या पोळ्या संपत असतील, तर पाहणाऱ्याला वाटते की मागणी अफाट आहे. आत डोकावले तर अनेकदा असे दिसते की, लाटणाऱ्या बाई आठच्या गाडीने दिव्याला किंवा टिटवाळ्याला निघून गेलेल्या असतात. म्हणजे पीठही आहे, गॅसही आहे, गिऱ्हाईकही आहे, फक्त हात नाहीत. मुंबईतल्या बहुसंख्य पोळी-भाजी केंद्रांची खरी मर्यादा हीच असते. यावरून मी तुमच्या जागी असतो तर गाळा शोधण्याआधी चालत घरी जाऊ शकतील अशा दोन लाटणाऱ्या बायका शोधल्या असत्या, कारण रात्री साडेनऊपर्यंत गरम पोळी देणारे केंद्र जवळपास नसेल, तर तेवढ्या एका गोष्टीवर तुमचे नाव होऊ शकते.

आता हिशेबाकडे वळू. प्रत्येक केंद्रातून सहा-सहा पोळ्या आणा आणि घरच्या काट्यावर वजन करून सरासरी काढा. एक किलो पिठात साधारण सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम पाणी मुरते, म्हणजे सोळाशे ग्रॅमच्या पुढेमागे गोळा तयार होतो. भाजलेली पोळी चाळीस ग्रॅमची भरली तर तिचा कच्चा गोळा अठ्ठेचाळीसच्या आसपास असणार, म्हणजे किलोमागे तेहतीस-चौतीस पोळ्या निघतात. पिठाचा आजचा भाव या संख्येने भागून पाहा. पोळीच्या विक्रीच्या किमतीत पिठाचा वाटा किती लहान आहे, हे लगेच दिसेल. उरलेली रक्कम मजुरी, गॅस, तेल, भाडे आणि वाया जाणारा माल यांत जाते. म्हणूनच पोळी पाच ग्रॅमने बारीक करून पैसे वाचवणारा मालक बहुतेक वेळा चुकीच्या जागी काटकसर करत असतो. तो वाचवतो पैशांच्या हिशेबात आणि गिऱ्हाईक मात्र ‘हल्ली पोळ्या लहान झाल्या’ असे सगळ्या इमारतीला सांगत सुटते. हा हिशेब करताना गॅस १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरच्या दराने धरा. एखाद्या ठिकाणी १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर वापरात दिसला, तर त्याचा खर्च तुमच्यापेक्षा कमी का आहे ते समजून घ्या आणि तो मार्ग त्याच्यापाशीच राहू द्या. तो बेकायदा तर आहेच, शिवाय दुर्घटना घडल्यास विम्याचा आधारही राहत नाही.

भाज्यांच्या बाबतीत उघडण्याची वेळ आणि बंद होण्याची वेळ, या दोन्ही वेळी पातेली पाहणे महत्त्वाचे. कोणत्या भाजीचे पातेले रात्री अर्धे उरते आणि त्या उरलेल्याचे पुढे काय होते, यावर त्या केंद्राचा नफा अवलंबून असतो. सकाळची मटकीची उसळ संध्याकाळी ‘मिसळ’ या नावाने फळ्यावर चढली असेल, तर मालक हुशार आहे असे समजावे. रोज बटाटा असतोच; पण शेपू, कारले, सुरण यांसारख्या भाज्या ठरावीक वारीच केल्या जात असतील आणि त्या वारी लोक मुद्दाम फोन करून ‘आज आहे ना?’ असे विचारत असतील, तर त्या मालकाला आपले गिऱ्हाईक नावानिशी ठाऊक आहे.

शेवटचा मुद्दा ऋतूचा. एका महिन्यात पाहिलेली गर्दी वर्षभराची धरू नका. श्रावणात साबुदाण्याची खिचडी आणि वऱ्याचे तांदूळ यांची मागणी वाढते. गणपतीत चाकरमानी कोकणात गेले की मराठी वस्तीतली केंद्रे काही दिवस ओस पडतात, मात्र जे मुंबईतच राहतात त्यांच्याकडून मोदकांची आणि नैवेद्याच्या ताटांची मागणी येते. पितृपक्षात वडे, खीर आणि पानासाठी लागणारे सगळे पदार्थ एकत्र मागणारी घरे असतात. आणि मे महिन्यात मुलांच्या सुट्ट्यांमुळे कुटुंबे गावी जातात, तेव्हा घरी एकटाच राहिलेला पुरुष हेच मुख्य गिऱ्हाईक उरते. तुम्ही दिवाळीनंतर सुरू करणार, म्हणजे मार्गशीर्षातले गुरुवार लगेच समोर येतील. त्या दिवशी आसपासची केंद्रे काय ठेवतात, हे जुन्या गिऱ्हाइकांना आताच विचारून ठेवा.


जमाखर्च

वरील प्रतिसादात डोळ्यांनी काय पाहावे ते आले आहे, म्हणून मी कागदांपुरते लिहितो. मी लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो, आणि माझा अनुभव असा की, प्रतिस्पर्ध्याविषयीची बरीच माहिती सरकारी संकेतस्थळांवर सर्वांसाठी खुली असते, पण ती पाहण्याचे कोणाच्या मनातच येत नाही.

प्रत्येक केंद्रातून एकदा पोळ्या-भाजी घेताना बिल मागून घ्या. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यव्यावसायिकांनी बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक छापणे बंधनकारक आहे. हा क्रमांक २ या अंकाने सुरू होत असेल तर ती लहान व्यवसायाची नोंदणी असते आणि १ ने सुरू होत असेल तर परवाना असतो, म्हणजे केंद्र दिसायला लहान असले तरी त्यामागचा कारभार मोठा असू शकतो. एफएसएसएआयच्या फॉसकॉस संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि ती चालू आहे की नाही, हे कळते.

बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावरील करदाता-शोधात तो टाकून पाहा. मालकाचे कायदेशीर नाव, व्यवसाय एकल मालकीचा की भागीदारीचा, नोंदणी कोणत्या तारखेपासूनची आहे आणि करदाता नियमित आहे की कंपोझिशन योजनेतला (लहान व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोपी योजना), हे सर्व तिथे विनाशुल्क दिसते. ‘पंचवीस वर्षांची परंपरा’ असे पाटीवर लिहिलेल्या व्यवसायाची नोंदणी मागच्या वर्षीची निघाली, तर पूर्वीच्या मालकाने तो का विकला, हा प्रश्न तुम्हाला पडला पाहिजे, आणि त्याचे उत्तर शेजारच्या वाण्याकडे मिळते.

बिलावर जीएसटी क्रमांकच नसेल, तर त्यातूनही अंदाज बांधता येतो. महाराष्ट्रात सेवा पुरवणाऱ्याला २० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी करावी लागत नाही. वर्षभर रोज दुकान उघडे ठेवले, तर २० लाख म्हणजे दिवसाला सुमारे ५,५०० रुपये होतात. नोंदणी नसलेल्या केंद्राचा गल्ला यापेक्षा कमी असला पाहिजे, निदान कागदावर तरी. तुमचे भाडे, मजुरी आणि कच्चा माल हे सर्व दिवसाला साडेपाच हजारांच्या गल्ल्यातून निघून दोघींच्या हाती काही उरते का, हे गाळ्याच्या मालकाशी बोलण्याआधी मांडून पाहावे.

काउंटरवर ठेवलेली चटणी, मेतकूट, मसाले आणि फराळाची पाकिटे यांच्या मागच्या बाजूला उत्पादकाचे नाव व पत्ता छापणे बंधनकारक असते, म्हणून पाकीट उलटून पाहा. ‘घरगुती’ म्हणून विकला जाणारा चिवडा दुसऱ्याच कारखान्यात तयार झाल्याचे पुष्कळदा आढळते. यात गैर काही नाही; उलट तो माल कोणाकडून घाऊक मिळतो, हे तुम्हाला आयतेच कळते.

मुंबईत ज्या खाद्यसाखळ्या खासगी मर्यादित कंपन्या आहेत, त्यांचे वार्षिक ताळेबंद एओसी-४ या नमुन्यात कंपनी निबंधकांकडे दाखल होतात आणि थोडे शुल्क भरून ते कोणालाही वाचता येतात. त्यांचा आकार तुमच्यापेक्षा फार मोठा असेल, परंतु विक्रीच्या शंभर रुपयांतले किती रुपये कच्च्या मालात गेले आणि किती पगारांत गेले, हे प्रमाण पाहण्यासारखे असते. तुमच्या शेजारची केंद्रे बहुधा एकल मालकीची असतील, त्यांचे असे काही मिळणार नाही.

आणखी दोन गोष्टी. केंद्राचे नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात वर्ग ४३ (खानपान सेवा) आणि वर्ग ३० (पीठ, मसाले यांसारखे खाद्यपदार्थ) पाहून घ्या. ‘अन्नपूर्णा’ आणि ‘सुगरण’ या नावांच्या पाट्या मुंबईत इतक्या आहेत की त्यांतून वेगळे ओळखू येणेच कठीण. दुसरे असे की, शेजारच्या केंद्रचालकाशी ओळख जरूर करा, पण ‘आपण दोघे मिळून पोळीचा दर ठरवू’ असा करार करू नका. प्रतिस्पर्ध्यांनी संगनमताने दर ठरवण्यास स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ नुसार मनाई आहे. एवढ्या लहान धंद्यापर्यंत कोणी येत नाही असे लोक म्हणतात, पण हिशेब लिहिणाऱ्याने तसे सांगू नये.


चाळ_ते_टॉवर

दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत. त्यांत जागेविषयी थोडी भर घालतो, कारण मुंबईत प्रतिस्पर्ध्याचा दर आणि आपला दर यांची तुलना बहुतेक वेळा जागेपाशीच फसते. जुन्या इमारतीतला गाळा पागडीवर, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन घेतलेल्या कायमच्या भाडेकरूपणावर, असेल, तर त्याचे भाडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या संरक्षणामुळे आजच्या बाजारभावाच्या मानाने नाममात्र असते. काही केंद्रे मालकाच्या स्वतःच्या तळमजल्यावरच्या खोलीत चालतात. असा माणूस तुमच्यापेक्षा दोन रुपये स्वस्त पोळी देऊन सुखाने झोपतो, आणि त्याच दराने विकून तुम्ही मात्र जागामालकासाठी राबत राहता. त्यामुळे चांगल्या चालणाऱ्या त्या दोन केंद्रांच्या जागा कोणत्या प्रकारच्या आहेत, हे इमारतीच्या जुन्या रहिवाशांकडून आधी काढून घ्या. तुमच्यासारखाच लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, गाळा घेऊन, चालू भाडे भरून, काही वर्षे टिकलेला केंद्रचालक जवळपास कोण आहे, तो शोधा. खरी तुलना त्याच्याशीच होऊ शकते. करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी त्याच अधिनियमाच्या कलम ५५ नुसार जागामालकाची आहे, हेही ध्यानात ठेवा.

बंद पडलेल्या केंद्रांची चौकशी करायला विसरू नका. चालू असलेली केंद्रे सर्वांनाच दिसतात, पण त्याच रस्त्यावर आधी कोणी हाच प्रयत्न करून गाशा गुंडाळला असेल, तर तो माणूस बोलायला सहसा तयार असतो, कारण त्याला आता तुमच्यापासून काही धोका नसतो.

उधारीचे काय, हेही पाहा. गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायका कामगारांना महिनाभर जेवू घालत आणि पगार झाल्यावर पैसे घेत. तोवर किराणा उधारीवर आणावा लागे आणि त्या कर्जाच्या व्याजातच त्यांची मिळकत जाई. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. गिरण्या गेल्या, पण मासिक डब्यांचा तो पेच तसाच आहे. तुमच्या शेजारची केंद्रे महिन्याच्या डब्याचे पैसे आगाऊ घेतात की महिनाअखेरीस, हे महिन्याचा डबा लावलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाला विचारलेत तर त्यांचे भांडवल कशात अडकले आहे, ते कळेल.


माटुंगा_रोड

मी वरील मतांशी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु ‘कामाला लागून शिकणे’ हा मार्ग ताईंनी मुळातच बाद करू नये, असे मला वाटते. माटुंग्यातल्या उडुपी हॉटेलांची परंपरा याच मार्गाने वाढली. गावाहून आलेला मुलगा आधी कपबश्या धुवायचा, मग स्वयंपाकघरात, मग गल्ल्यावर, आणि पुढे स्वतःचे हॉटेल काढायचा. मालकालाही ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असे, कारण तोही तसाच वर आलेला असे. गैर आहे ती लपवाछपवी. एखाद्या केंद्रात नाव बदलून शिरणे, तिथल्या गिऱ्हाइकांचे फोन क्रमांक उतरवून आणणे, किंवा त्यांच्या लाटणाऱ्या बाईंना दोनशे रुपये जास्त देऊन फोडणे, हे करू नये. जी बाई दोनशेसाठी तुमच्याकडे येते ती तीनशेसाठी तिसरीकडे जाणारच.

मग मार्ग काय? तुमच्या भागापासून दूर, जिथे तुम्ही कधीच त्यांचे गिऱ्हाईक तोडू शकणार नाही, अशा ठिकाणच्या केंद्रचालकाकडे सरळ जा. विरार, बदलापूर किंवा पनवेलला चांगले केंद्र चालवणाऱ्या एखाद्या काकूंना, ‘मी मुलुंडला सुरू करते आहे, मला आठ-दहा दिवस तुमच्याकडे हाताखाली काम करू द्या, पैसे नकोत’ असे सांगितलेत, तर नकार क्वचितच मिळेल. आपल्याकडे माणसे शेजाऱ्यापासून जे लपवतात ते परगावच्या माणसाला चहा पाजून सांगतात. वेळ मात्र त्यांच्या सोयीची निवडा. दुपारी तीन ते पाच या वेळेत केंद्रे निवांत असतात, सकाळी अकराला गेलात तर कोणी मान वर करून पाहणार नाही.

केवळ आपल्याच धंद्यातल्या लोकांकडून शिकावे, असेही नाही. १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड भारतात आले आणि २००१ मध्ये मालाडला जंबोकिंग या साखळीचा पहिला वडापाव विकला गेला. पदार्थ अस्सल मुंबईचाच राहिला. ठरावीक आकार, ठरावीक वेष्टन आणि प्रत्येक दुकानात सारखीच पद्धत, हे मात्र बर्गरवाल्यांच्या धंद्यातले होते. तुम्हाला तशी साखळी काढायची नाही, हे मी समजतो. पण तुमच्या विभागातला दूधवाला रोज सकाळी शंभर दारांत न चुकता कसा पोहोचतो आणि सुट्टीचा खाडा कसा लिहून ठेवतो, ते पाहिलेत तर मासिक डब्याच्या हिशेबाची पद्धत तिथेच तयार मिळेल.

गाळा_नंबर_सात यांच्या एका मुद्द्याशी मात्र असहमत आहे. रात्री साडेनऊपर्यंत गरम पोळी देणे ऐकायला छान वाटते, पण त्यासाठी तवा तापता ठेवावा लागतो आणि शेवटच्या तासात गिऱ्हाईक तुरळक असते. सुरुवातीला दोघींनीच काम करायचे असेल, तर शरीर किती दिवस साथ देईल, याचा विचार करा.


स्वयंपाकघर_८१

सर्वांचे मनापासून आभार. एवढे सविस्तर कोणी लिहील, असे वाटले नव्हते.

गाळा_नंबर_सात काकांनी सांगितल्याप्रमाणे जाऊ आणि मी काही संध्याकाळी दोन वेगवेगळ्या केंद्रांसमोर उभ्या राहिलो. सर्वांत ठळक दिसले ते असे की, एकटे राहणारे वृद्ध मोठ्या संख्येने येतात आणि त्यांची अडचण दराची नसून मापाची आहे. एक आजोबा कापडी पिशवीतून स्वतःची स्टीलची डबी घेऊन आले होते. त्यांना दोन पोळ्या आणि ‘जेवढी एका माणसाला पुरेल तेवढी’ भाजी हवी होती. तिथे पाव किलोपेक्षा कमी भाजी देत नाहीत आणि ती आधीच प्लॅस्टिकच्या डब्यांत भरून ठेवलेली असते. काउंटरवरच्या मुलाने नम्रपणे नाही म्हटले, आजोबांनी दोन पोळ्या तेवढ्या घेतल्या आणि समोरच्या दुकानातून दह्याची वाटी घेऊन ते निघून गेले. त्यानंतर साधारण तीच मागणी आम्ही आणखी काही जणांच्या तोंडून ऐकली. मुले परदेशात किंवा पुण्याला असलेली घरे आमच्या भागात बरीच आहेत, त्यामुळे हे नवल नाही.

म्हणून विचारते: शंभर-सव्वाशे ग्रॅमचे भाजीचे माप, एक वाटी आमटी आणि दोन पोळ्या, असा छोटा डबा ठेवला तर तो परवडेल का? की यात डब्याचा आणि बांधणीचा खर्चच जास्त होईल, म्हणूनच इतर केंद्रांनी तो ठेवलेला नसेल? माटुंगा_रोड यांनी सांगितल्याप्रमाणे बदलापूरच्या एका ओळखीच्या ताईंकडे जायचेही ठरवले आहे.


गाळा_नंबर_सात

ताई, तुमची शंका रास्त आहे. एखादी गोष्ट शेजारचे सगळेच करत नसतील, तर त्यामागे आळस असतो किंवा हिशेब असतो, आणि दोन्हींतले कोणते ते मांडल्याशिवाय कळत नाही. इथे मला दोन्ही दिसतात. आधीच भरून ठेवलेले पाव किलोचे डबे हा गर्दीच्या वेळेचा हिशेब आहे, कारण मोजून वाढण्यात प्रत्येक गिऱ्हाइकामागे वेळ जातो. पण साडेसात ते साडेआठ ही तासाभराची गर्दी सोडली तर वाढून द्यायला काय हरकत आहे? वृद्ध मंडळी तशीही लवकर जेवतात. सहा ते सात ही वेळ ‘आपला डबा आणा’ अशी पाटी लावून त्यांच्यासाठी ठेवलीत, तर गर्दीशी टक्कर होणार नाही आणि डब्याचा खर्चही वाचेल. माटुंगा_रोड यांचा उशिरापर्यंत तवा तापता ठेवण्याविषयीचा आक्षेप या बेतात आपोआप निकाली निघतो, कारण तुमचे गिऱ्हाईक उशिराचे नसून लवकरचे निघाले.

दर ठरवताना मात्र पाव किलोच्या किमतीच्या निम्मा दर लावू नका. भाजी निम्मी झाली तरी वाढणाऱ्याचा वेळ, भाडे आणि गॅस निम्मे होत नाहीत. म्हणून छोट्या मापाचा दर निम्म्याहून बराच वर असला पाहिजे, आणि तो लोक देतात, कारण उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी टाकून देण्यापेक्षा त्यांना ते स्वस्तच पडते. मापासाठी एकच डाव ठरवून घ्या आणि तो दोघींनी भरून काट्यावर तपासा; जावेचा डाव आणि तुमचा डाव यांत वीस ग्रॅमचा फरक सहज निघतो आणि गिऱ्हाईक तो तुमच्याआधी ओळखते.

गाळ्याचा करार करण्यापूर्वी हा छोटा डबा तुमच्याच इमारतीत आणि शेजारच्या दोन इमारतींत महिनाभर घरून देऊन पाहा. महिन्याचे पैसे आगाऊ घ्या. तोंडाने ‘छान कल्पना आहे’ म्हणणारे पुष्कळ असतात. आगाऊ पैसे देणारे किती निघतात, तेवढीच संख्या धरा. तिसऱ्या आठवड्यात किती जण खाडा सांगू लागतात, तेही लिहून ठेवा, कारण चवीचा कंटाळा साधारण तेव्हाच सुरू होतो आणि मग भाज्यांचे वार बदलावे लागतात.


जमाखर्च

एक राहून गेले. गाळा पसंत पडला तरी टोकन देण्याआधी तिथे स्वयंपाक करण्यास परवानगी मिळू शकते का, याची चौकशी महापालिकेच्या टी विभाग (मुलुंडचा विभाग) कार्यालयात करा. खाद्यगृहासाठी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३९४ खालील परवाना लागतो. त्या गाळ्यात आधी कोणते दुकान होते आणि सोसायटीने धुरावरून किंवा सिलिंडरवरून त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती का, हे सोसायटीच्या सचिवांना विचारून घ्या. अनेक जागामालक ‘सगळे चालते’ असे तोंडी सांगतात, तेव्हा करारात ‘खाद्यपदार्थ तयार करणे व विकणे’ हा वापर स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावा आणि परवाना नाकारला गेल्यास अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हेही त्यातच नमूद करून घ्यावे.